माळावर लांडगे परत आणून सोडावेत का?

ओघळ (शुक्रवार, रात्री ९:१०)

आमचं गाव करमाळा तालुक्यात. नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढे ज्या जागेबद्दल सांगणार आहे तिथे उद्या कॅमेरे घेऊन कोणी जाऊ नये असं मनापासून वाटतं.

गावाच्या उत्तरेला गायरान आणि त्याला लागून वनखात्याची जमीन. मुरमाड माळ. पावसाळ्यात पवन्या आणि मारवेल ही गवतं, दिवाळीनंतर सगळीकडे पिवळं कुसळ. माळाच्या मधोमध एक ओघळ जाते. तिच्या कडेला तरवडाखाली एक बीळ होतं. थंडी पडली की वडील बजावायचे, "ओघळीकडं गुरं नेऊ नका, तिची पिल्लं बाहेर आली असतील." ती म्हणजे लांडगी. नाव घ्यायचे नाहीत.

दहा-अकरा वर्षांचा असताना एका संध्याकाळी मी पलीकडच्या टेकाडावर पालथा पडून ते बीळ बघितलं होतं. चार पिल्लं, मातीच्याच रंगाची. आई लांबून चालत आली, मान खाली, पोट तट्ट. पिल्लं धावत जाऊन तिचं तोंड चाटायला लागली आणि तिनं पोटातलं सगळं त्यांच्यापुढे ओकलं. पिल्लांनी ते मिनिटभरात संपवलं. मग ती तिथेच आडवी झाली आणि बराच वेळ माझ्या दिशेने बघत राहिली. मी होतो तसाच अंधार पडेपर्यंत पडून राहिलो. घरी मार खाल्ला.

२०१६ च्या हिवाळ्यानंतर तिथे पिल्लं झालेली कोणी पाहिली नाहीत. त्याच्या आदल्या वर्षी माळावर पोकलेन आलं होतं. सलग समतल चर खणले, बांधावर गिरिपुष्पाची रोपं लावली, फलक लावला. रोपं बहुतेक मेली, चर राहिले. गवताची मुळं ज्या हातभर मातीत होती तीच माती उकरून बाजूला टाकलेली, त्यामुळे त्या पट्ट्यात आता घाणेरी आणि रानतुळस सोडून काही येत नाही. मग गायरानाच्या कडेने प्लॉट पडले. गेले तीन हिवाळे मी कान लावून बसतो, कोल्हेकुई ऐकू येते, लांडग्यांची ती लांब ओढलेली हाक नाही.

आता मुद्दा. तालुक्यातल्या काही तरुण मुलांनी निवेदन तयार केलंय: प्राणिसंग्रहालयात वाढवलेले लांडगे आमच्या माळावर आणून सोडा. म्हैसूरच्या प्राणिसंग्रहालयात लांडग्यांची पैदास होते हे खरं आहे. अमेरिकेत यलोस्टोनमध्ये १९२६ साली शेवटचे लांडगे मारले आणि १९९५-९६ मध्ये कॅनडातून ३१ आणून सोडले, ते तगले, हेही खरं. कुनोत २०२२ मध्ये नामिबियातून चित्ते आले, मग लांडगे का नकोत, असं मुलं विचारतात. त्यांनी माझी सही मागितली आहे.

मी अजून सही केलेली नाही. माझं आजचं उत्तर 'नको' असं आहे, पण ते उत्तर देताना मला शांत वाटत नाही, म्हणून हा धागा.

'नको' का? कारण आपल्याकडे लांडगा संपलेला नाही. भारतात सुमारे तीन हजार लांडगे उरलेत असा अभ्यासकांचा अंदाज आहे, वाघांपेक्षाही कमी, पण ते आहेत, आणि त्यातले कित्येक सोलापूर, पुणे, अहिल्यानगर, साताऱ्याच्या उघड्या माळांवर, अभयारण्याच्या बाहेर, शेतं आणि मेंढवाड्यांच्या मध्ये जगतात. आमच्या ओघळीपासून इंदापूरचं कडबनवाडी फार लांब नाही, तिथे वनखात्याने गवताळ सफारी सुरू केली, लोक लांडगे बघायला जातात. तो तिथून चालत इकडे का येत नाही, या प्रश्नाचं उत्तर मिळाल्याशिवाय पिंजऱ्यातला लांडगा आणून काय करणार? प्राणी परत सोडण्याबद्दल आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संस्थेने २०१३ साली जी तत्त्वं घालून दिली आहेत त्यात एक मुख्य अट हीच आहे की ज्या कारणाने प्राणी गेला ते कारण आधी दूर झालेलं असावं. आमच्या माळावर ते कारण चराच्या रूपाने रोज दिसतं.

तुम्हाला काय वाटतं ते स्पष्ट लिहा. ज्यांच्या घरी मेंढरं आहेत त्यांनी तर जरूर लिहा.

---

सह्यभ्रमर (रात्री ९:४८)

लेख आतून आलाय. पण निष्कर्षाशी असहमत.

'आधी माळ सुधारा, मग लांडगा' हे ऐकायला बरोबर वाटतं, प्रत्यक्षात त्याचा अर्थ 'कधीच नाही' असा होतो. माळ कोणासाठी सुधारायचा? तिथे काही राहतच नाही म्हटल्यावर उद्या सौरऊर्जेची पॅनेलं टाकायला कोण अडवणार? लांडगा हा वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतला प्राणी आहे. तो तिथे आहे एवढ्या एका गोष्टीने जमिनीला किंमत येते. माळढोकाचं काय झालं ते सोलापूरकरांना सांगायला नको. नान्नजच्या अभयारण्यात आपण मोजत बसलो आणि पक्षी संपला.

पिंजऱ्यातला लांडगा रानात जगत नाही असं म्हणतात, तेही पूर्ण खरं नाही. मेक्सिकन लांडगा रानातून जवळजवळ पुसला गेला होता. पिंजऱ्यातल्या फक्त सात जनावरांपासून त्यांची सगळी पैदास झाली, १९९८ मध्ये अ‍ॅरिझोनात पहिले सोडले, आज रानात अडीचशेच्या वर आहेत. त्यांनी आणखी एक गोष्ट केली. पिंजऱ्यात जन्मलेली दोन आठवड्यांच्या आतली पिल्लं उचलून रानातल्या लांडगीच्या बिळात तिच्याच पिल्लांत मिसळून ठेवली. ती त्यांना आपली समजून वाढवते. म्हणजे शिकार शिकवायचं काम रानातली आईच करते.

सही करा असं माझं म्हणणं आहे.

---

वाघर (रात्री ११:२२)

ओघळ दादा, मेंढरंवाल्यांनी लिहा म्हणालात म्हणून लिहितोय. मी धनगर. आमचा वाडा (मेंढरं घेऊन फिरणारी आमची टोळी) माण तालुक्यातला, दिवाळीनंतर कोकणात उतरतो, मिरगाच्या आधी परत. नावाचा अर्थ ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी: रात्री मेंढरं ज्या जाळीच्या कुंपणात कोंडतो तिला वाघर म्हणतात.

लांडगा काय असतो ते सांगतो. अमावस्येच्या आसपासची रात्र. मेंढरं वाघरीत, कोकरं डालग्याखाली, आम्ही घोंगडं घेऊन चार कोपऱ्यांना. एकाएकी एका बाजूची कुत्री उठतात आणि भुंकत लांब जातात. तिकडं एक लांडगा उभा असतो, सरळ समोर, पळतसुद्धा नाही. आपण बॅटरी घेऊन तिकडं धावायचं. तेवढ्यात पाठीमागून दुसरा येतो, वाघरीवरून उडी, आणि मेंढी मानेला धरून गेलासुद्धा. आवाज येत नाही. मेंढरं फक्त एका अंगाला दाबली जातात आणि त्यांच्या खुरांचा दाबल्यासारखा आवाज येतो, त्यावरून कळतं. सकाळी रगत असतं चार थेंब, बाकी काय नाही.

गेल्या चैत्रात आमची दोन मेंढरं आणि एक तुरंगी (पोटात कोकरू असलेली) मेंढी गेली. भरपाई मिळते हे आम्हाला माहितीये, लांडग्याची पण मिळते. पण अट काय, अट्ठेचाळीस तासांत कळवा आणि पंचनामा करा. पंचनाम्याला मढं पाहिजे. लांडगा मढं ठेवत नाही. बिबट्या अर्धं टाकून जातो, लांडगा जोडीनं येतो आणि सगळं नेतो. आणि दुसऱ्या दिवशी आमचा वाडा बारा किलोमीटर पुढं गेलेला असतो, कारण पुढच्या शेतकऱ्याला रानात खतासाठी मेंढरं बसवायचा शब्द दिलेला असतो. एका ठिकाणी कळवलं तर म्हणाले ही हद्द आमची नाही. दुसऱ्या ठिकाणी गेलो तर म्हणाले तुमचं गाव कुठलं, तिथं जा. तीन चकरा मारल्या. एका चकरीत जेवढा दिवस गेला तेवढ्यात अजून एक कोकरू गेलं असतं. सोडून दिलं.

आता तुम्ही म्हणाल मग हा लांडग्याच्या विरोधात आहे. नाही. आमचा आजा म्हणायचा, त्याचा वाटा असतो, त्याचा वाटा गेला की खांड (कळप) वाढतं. आम्ही कधी विष घातलं नाही. आजानं बीळ दिसलं तरी पिल्लांना हात लावू दिला नाही. पण आजा म्हणायचा तेव्हा त्याच्याकडं तीनशे मेंढरं होती आणि चरायला सगळं मोकळं होतं. आज सत्तर आहेत. सत्तरातून तीन गेली तर वाटा कुणाचा आणि पोट कुणाचं?

माझं म्हणणं एवढंच, सोडायचे का नाही ते तुम्ही शिकलेली माणसं ठरवणार, पण आम्हाला विचारूनच ठरवा. लांडगा सोडला की तो जेवायला आमच्याच वाघरीत येणार हाय.

---

केतकी_म (शनिवार, सकाळी ७:३५)

मी शेतवस्तीवर राहते, दोन लहान मुलं आहेत. २०२४ मध्ये उत्तर प्रदेशातल्या बहराइचला लांडग्यांनी मुलं उचलली त्या बातम्या मी रात्ररात्र वाचल्या आहेत. बाहेर झोपलेली, आईच्या शेजारून नेलेली. १९९६ मध्येही पूर्व उत्तर प्रदेशात असंच झालं होतं असं वाचलं. तुमचं माळावरचं प्रेम मला कळतं, पण कोणी माझ्या घराजवळ आणून लांडगा सोडणार असेल तर मी विरोध करेन. जो आपोआप आलाय तो वेगळा. आणून सोडलेल्याची जबाबदारी कोणाची?

---

पशुवैद्य_फलटण (सकाळी ८:१५)

केतकीताई, तुमची भीती कोणी हसण्यावारी नेऊ नये. बहराइचला जे झालं ते खरं आहे, आणि तिथले लांडगे होते हेही खरं. तिकडची परिस्थिती वेगळी होती, नदीकाठचा भाग, पुराचं पाणी, दारं नसलेली घरं, उघड्यावर झोपणारी माणसं. सोलापूर-पुण्याकडचे लांडगे पिढ्यान्‌पिढ्या वस्त्यांच्या मध्ये राहूनही मेंढरं, काळवीट, ससे, मेलेली जनावरं यांवर जगत आलेत. पण म्हणून धोका शून्य असं मी म्हणणार नाही. आपल्याकडे मला लांडग्यापेक्षा जास्त काळजी आहे ती पिसाळलेल्या जनावराची, मग ते कुत्रं असो की लांडगा. चावलं तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी लस घ्यायची, हे वस्तीवर सगळ्यांना पाठ असू द्या.

आणि तुमचा शेवटचा प्रश्न या धाग्यातला सगळ्यात महत्त्वाचा आहे असं मला वाटतं. जे जनावर माणसाच्या हातचं खाऊन वाढलं, त्याला माणसाचा वास म्हणजे जेवणाची वेळ. रानातल्या लांडग्याला माणूस म्हणजे काठी. पिंजऱ्यातला मोठा लांडगा वस्तीजवळ सोडणं मला पशुवैद्य म्हणून मान्य नाही. सह्यभ्रमर यांनी सांगितलेला पिल्लांचा मार्ग त्यातल्या त्यात बरा, पण त्याला मुळात रानात व्यालेली लांडगी लागते. ओघळ यांच्या माळावर ती नाही.

आता कुत्र्यांबद्दल. मला लांडग्यांची सगळ्यात मोठी काळजी तीच आहे. पुण्याजवळच्या माळावर एक विचित्र पिवळसर रंगाचं जनावर दिसलं होतं. त्याचा जनुकीय अभ्यास झाला आणि ते लांडगा-कुत्रा संकर निघालं. भारतात असा पुरावा पहिल्यांदा मिळाला. भारतीय लांडगा ही जगातल्या लांडग्यांच्या सगळ्यात जुन्या शाखांपैकी एक आहे, २०२१ च्या जनुकीय अभ्यासात हे पुढे आलं. इतकी जुनी ओळ उकिरड्यावर वाढलेल्या कुत्र्यांत विरघळतेय. जोडीदार मिळाला नाही की एकटा लांडगा कुत्रीकडे जातो. शिवाय डिस्टेंपर आणि पार्वो, हे कुत्र्यांचे जीवघेणे साथीचे रोग. गावच्या कुत्र्यांत डिस्टेंपरची साथ आली की मी चार दिवसांत दहा-बारा पिल्लं मेलेली बघतो. तीच कुत्री माळावर मेलेलं जनावर फाडतात, आणि त्याच मढ्यावर रात्री लांडगा येतो.

---

रॉकीकर (सकाळी ९:०२)

मी गेली चौदा वर्षं कोलोरॅडोत, फोर्ट कॉलिन्सला राहते. माहेर बार्शी. हा विषय मी इथे डोळ्यांसमोर घडताना बघितला आहे, म्हणून थोडं सविस्तर.

२०२० च्या नोव्हेंबरमध्ये इथे लोकांनी मतदानाने ठरवलं की राज्यात लांडगे परत आणायचे. एक्कावन्न टक्क्यांना जेमतेम टेकतील एवढीच मतं. हो म्हणणारे बहुतेक डेन्व्हर, बोल्डर अशा शहरांतले. लांडगे सोडायचे होते डोंगरापलीकडच्या पश्चिम भागात, आणि तिथल्या बहुतेक काउंट्यांनी नाही म्हटलं होतं. मी हो म्हटलं होतं. डिसेंबर २०२३ मध्ये ओरेगॉनहून दहा लांडगे आणले, जानेवारी २०२५ मध्ये कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबियातून पंधरा. पहिल्याच वसंतात वासरं मारली गेली. ओरेगॉनहून आणलेल्यांतले काही अशा टोळ्यांतले होते ज्यांनी तिकडेही गुरं मारली होती, हे नंतर कळलं. त्यांच्यातल्या एका जोडीला पिल्लं झाली. गुरं मारणं थांबेना म्हणून ते कुटुंब परत पकडावं लागलं. नर मेला. उरलेल्यांना नंतर दुसरीकडे सोडलं.

भरपाई एका जनावरामागे पंधरा हजार डॉलरपर्यंत आहे. वाघर भाऊंचा प्रतिसाद वाचून मला हेच आठवलं की इथेही भांडण रकमेचं कमी आणि पुराव्याचं जास्त आहे. डोंगरात हरवलेलं वासरू लांडग्यानेच नेलं हे कसं सिद्ध करायचं?

शनिवारच्या बाजारात मी ज्या बाईंकडून अंडी घेते त्यांच्या भावाची गुरं तिकडे आहेत. त्या मला एकदा शांतपणे म्हणाल्या, "मत तुम्ही दिलंत, रात्री जागतोय तो." त्यानंतर मी बरेच दिवस त्या वाक्याचा विचार करत होते. मला आजही लांडगे हवे आहेत. पण ज्याच्या अंगणात सोडायचे त्याला शेवटी विचारलं गेलं, ही चूक होती असं मी आता म्हणते.

दुसरी गोष्ट यलोस्टोनची. लांडगे आले, त्यांनी एल्क हरणं कमी केली, त्यामुळे झाडं वाढली, बीव्हर (ओढ्यावर बांध घालणारा प्राणी) आले, नद्यांनी प्रवाह बदलले, अशी गोष्ट सगळीकडे फिरते. एल्क कमी झाले हे खरं, पण त्यात अस्वलं, प्यूमा आणि माणसांची शिकार यांचाही वाटा होता. आणि आमच्या गावच्या विद्यापीठातल्या लोकांनी वीस वर्षं तिथल्या ओढ्यांकाठी प्रयोग करून २०२४ मध्ये जे मांडलं ते असं: लांडगे नव्हते त्या सत्तर वर्षांत बीव्हर गेले, त्यांचे बांध गेले, ओढे खोल गेले, जमिनीतलं पाणी खाली उतरलं. आता लांडगे येऊनही बऱ्याच ठिकाणी वाळुंजाची झाडं पूर्वीसारखी वाढत नाहीत, कारण मुळांना पाणीच पोचत नाही.

ओघळ, तुमच्या चरांबद्दल वाचताना मला हे ओढे दिसत होते.

---

गायरान (सकाळी ११:४०)

सगळे लांडग्याबद्दल बोलताहेत, मी जमिनीच्या कागदाबद्दल बोलतो. मीही करमाळ्याचाच.

१९७९ मध्ये माळढोकासाठी अभयारण्य झालं तेव्हा त्याचं क्षेत्र होतं ८,४९६ चौरस किलोमीटर. सोलापूर आणि नगर जिल्ह्यातले तालुकेच्या तालुके त्यात, आमचा पण. गावं, बाजारपेठा, उसाची शेतं, सगळं अभयारण्य! माझ्या वडिलांना बहिणीच्या लग्नासाठी दोन एकर विकायचे होते, त्या वेळी ना हरकत दाखल्यासाठी त्यांनी किती हेलपाटे घातले ते मी पाहिलंय. लग्न कर्ज काढून झालं. नंतर क्षेत्र कमी करून १,२२२ चौरस किलोमीटरवर आणलं, पण तोपर्यंत माळढोक हे नाव काढलं की गावात लोकांचे चेहरे बदलायचे. पक्ष्याचा काही दोष नव्हता. तो बिचारा वर्षाला एक अंडं घालणारा.

सह्यभ्रमर म्हणतात लांडगा आला की जमिनीला किंमत येते. आमच्या गावात उलटं ऐकू येईल: लांडगा आला की जमीन अडकते. निवेदन देणाऱ्या मुलांनी हा इतिहास आधी घरातल्या म्हाताऱ्यांकडून ऐकावा. लोक विरोधात गेले की रात्री कोणीतरी मेलेल्या मेंढीत थायमेट (शेतीतलं विषारी औषध) भरतो, आणि ती गोष्ट कोणत्याही पंचनाम्यात येत नाही.

आणि 'पडीक' हा शब्द. सरकारी नकाशात आपला माळ पडीक जमीन म्हणून रंगवलेला आहे. इंग्रजांना त्यातून लाकूडही मिळेना आणि सारा पण मिळेना म्हणून त्यांनी दिलेलं नाव आपण अजून चालवतो. पडीक म्हटलं की झाडं लावायला पैसा येतो, चर खणायला पैसा येतो, प्लॉट पाडायला परवानगी येते. गवत राखायला पैसा येत नाही. इंग्रजांनी लांडगा मारायलाही बक्षीस ठेवलं होतं. १८७५ ते १९२५ या पन्नास वर्षांत दोन लाखांच्या आसपास लांडगे मारले गेले असा इतिहासकार महेश रंगराजन यांचा हिशेब आहे. त्यातूनही तो उरला. बंदुकीला पुरून उरलेला प्राणी आपल्या वनीकरणाने जावा याचं मला फार वाईट वाटतं.

---

लाइपझिगवाला (दुपारी १:२०)

थोडक्यात जर्मनीचं. इथे कोणी लांडगे सोडले नाहीत. पोलंडहून चालत आले, आणि २००० साली झाक्सन (सॅक्सनी) राज्यात लष्कराच्या सरावाच्या माळावर पहिली पिल्लं झाली. आज दोनशेच्या वर टोळ्या आहेत. स्वतःहून आलेत तरी भांडणं संपलेली नाहीत. मेंढपाळ चिडलेले आहेत, २०२५ मध्ये युरोपीय संघाने लांडग्याचं संरक्षण एक पायरी खाली आणलं. पण एक फरक जाणवतो, विजेच्या कुंपणाला आणि राखणीच्या कुत्र्यांना सरकार पैसे देतं, नुकसान होण्याच्या आधी.

---

ओघळ (दुपारी ३:०५)

सगळ्यांचे मनापासून आभार. एकेक प्रतिसाद दोनदा वाचला.

सह्यभ्रमर, पिल्लं बिळात ठेवण्याबद्दल मला माहीत नव्हतं, आणि 'आधी माळ म्हणजे कधीच नाही' हा तुमचा टोला बरोबर लागला. मी गेली आठ वर्षं हेच म्हणत घरी बसलोय. म्हणून माझं उत्तर थोडं बदलतो. माळाच्या एका भागात चर बुजवले, गवत परत आलं, कुत्र्यांचा बंदोबस्त झाला, मेंढपाळांची भरपाई मार्गी लागली, आणि एवढं होऊनही पाच वर्षांत कडबनवाडीकडून किंवा नान्नजकडून लांडगा चालत आला नाही, तर मी स्वतः निवेदन लिहीन. लांडगा एका रात्रीत वीस-वीस किलोमीटर चालतो. त्याला वाट मोकळी असेल तर आणण्याची गरज पडू नये. आणि आला तर तो माणसाला ओळखणारा, काठीला घाबरणारा, आपल्याच मातीतला येईल. केतकीताईंच्या दृष्टीनेही तेच बरं.

वाघर भाऊ, तुमचं ते खुरांच्या आवाजाचं वाक्य डोक्यातून जात नाही. तुमच्याशिवाय हे होणार नाही, आणि मला वाटतं तुमच्यामुळेच लांडगा आजवर टिकला. काळवीट आमच्याकडे केव्हाच संपले होते. ती लांडगी त्या संध्याकाळी पोटात भरून काय घेऊन आली असेल ते आज कळतंय. कुणाच्या तरी खांडातलं कोकरू.

मुलांना आज भेटलो. निवेदनातून 'लांडगे सोडा' काढायला ती तयार नव्हती, दोन तास वाद झाला. शेवटी असं ठरलं की पहिली मागणी गायरानावर नवे चर आणि झाडं नकोत ही, दुसरी फिरत्या मेंढपाळाला ज्या हद्दीत नुकसान झालं तिथेच, फोनवरच्या फोटोवर आणि दोन साक्षीदारांवर पंचनामा मिळावा ही. लांडग्यांची मागणी तिसरी, आणि 'वरील दोन झाल्यावर' असं लिहून. २६ जानेवारीच्या ग्रामसभेत ठराव मांडायचा. यावर मी सही केली.

---

सह्यभ्रमर (दुपारी ३:३१)

पाच वर्षं मला जास्त वाटतात, तीन म्हणा. गायरान यांचं ८,४९६ वाचून मात्र गप्प झालो. पुण्यात बसून आकडा माहीत होता, दोन एकर माहीत नव्हते. चर बुजवायला माणसं लागली तर आम्ही आठ-दहा जण येऊ. पवन्याचं आणि मारवेलचं बी कुठे मिळेल ते शोधतो.

---

गायरान (दुपारी ४:१०)

बी विकत आणू नका. अजून चर न झालेल्या तुकड्यावर कार्तिकात गवत पिकतं, तिथलंच कापून आणून पसरा. तिथलं बी तिथंच रुजतं. आणि ग्रामसभेच्या ठरावात 'अभयारण्य' हा शब्द कुठंही येऊ देऊ नका, नाहीतर पहिल्या पाच मिनिटांत सभा उठेल.

---

वाघर (संध्याकाळी ७:५०)

फोनवरच्या फोटोवर पंचनामा झाला तर निम्मं काम झालं. माझ्याकडं चैत्रातल्या त्या सकाळचे फोटो अजून आहेत, पायाचे ठसे पण आहेत, दोन मोठे एक लहान. ठरावाला जोडायला पाठवतो.

डॉक्टर साहेब, कुत्र्यांच्या रोगांचं बोललात. आमच्या वाड्यांवरच्या कुत्र्यांना आजपर्यंत कुणी सुई टोचली नाही. पार्वोनं गेल्या पावसाळ्यात तीन पिल्लं गेली, कशानं गेली ते आज तुमच्याकडून कळलं.

---

पशुवैद्य_फलटण (रात्री ८:०४)

रविवारी मला सुट्टी आहे. रेबीजची आणि डिस्टेंपर-पार्वोची लस दोन्ही घेऊन येतो, बर्फाच्या डब्यात. पैशांचं नंतर बघू. किती कुत्री आहेत आणि वाडा सध्या कुठे आहे तेवढं कळवा. दुसरा डोस तीन-चार आठवड्यांनी लागेल, तेव्हा तुम्ही कुठे असाल तेही.

---

वाघर (रात्री ८:२०)

तीन वाडे मिळून मोठी अकरा, पिल्लं चार. सध्या फलटणच्या खालच्या अंगाला एका कांद्याच्या रानात बसलोय, ठिकाण फोनवर पाठवतो. तीन-चार आठवड्यांनी घाट उतरून कोकणात असू, तिकडचा कोणी डॉक्टर ओळखीचा असेल तर सांगून ठेवा. रविवारी सातच्या आत या, ऊन चढलं की मेंढरं हलतात आणि कुत्री मेंढरांमागं जातात.